पाकळी ठेचेपर्यंत

लसणाची सोललेली अखंड पाकळी नाकाशी धरून पाहावी. वास येतो, पण अगदी मंद, कुठल्याही ओलसर कंदाला असावा तसा. तीच पाकळी ठेचली की क्षणात जो उग्र दर्प उसळतो, तो त्याआधी पाकळीत कुठेच नव्हता. लपून बसला होता असंही नाही. लसणाच्या पेशींत अ‍ॅलिइन नावाचं एक गंधहीन द्रव्य असतं आणि अ‍ॅलिनेज नावाचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. दोघं वेगवेगळ्या कप्प्यांत, एकमेकांचं तोंड न बघता राहतात. सुरीने, बत्त्याने किंवा दाताने मधल्या भिंती फुटल्या की दोघांची गाठ पडते आणि काही सेकंदांत अ‍ॅलिसिन तयार होतं. चेस्टर कॅव्हॅलिटो आणि जॉन बेली या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांनी १९४४ मध्ये ते वेगळं काढलं आणि ते जंतूंना मारतं हे दाखवून दिलं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ त्याच एका गोष्टीपाशी अडकून राहिले. ‘लसणात अ‍ॅलिसिन असतं’ हे वाक्य आपण किती सहज बोलतो, वाचतो, पुढे पाठवतो! आणि लसणात अ‍ॅलिसिन नसतं. ते लसणावर हल्ला झाला की जन्मतं, आणि जन्मल्यावरही फार टिकत नाही. तासाभरात, दिवसाभरात त्याची दुसरी गंधकयुक्त संयुगं होत जातात. अखंड पाकळी थेट कढत तेलात टाकली तर विकर उष्णतेने मरतं आणि अ‍ॅलिसिन फारसं तयारच होत नाही. म्हणून ठेचलेला लसूण दहाएक मिनिटं तसाच ठेवावा आणि मग आचेवर घालावा, असं संशोधक सांगतात. तेवढ्या वेळात विकराने आपलं काम उरकलेलं असतं.

कांद्याचंही तसंच, फक्त तिथे आणखी एक पायरी आहे. डोळ्यांतून पाणी काढणारा वायू तयार करायला कांदा एक वेगळं विकर वापरतो. ते जपानी संशोधकांनी २००२ मध्ये शोधलं आणि त्याबद्दल त्यांना २०१३ मध्ये इग्-नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला ते देतात. कांदा चिरताना रडणाऱ्या मानवजातीने हसायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न.

मुद्दा असा, की ही द्रव्यं वनस्पती आपल्यासाठी बनवत नाहीत. त्यांना पळता येत नाही. अळी आली, बुरशी आली, चरणारं जनावर आलं, दुपारचं ऊन अंगावर आलं, तरी जिथे रुजलं तिथेच उभं राहायचं. तेव्हा हातात एकच उपाय उरतो, रसायनं. कडू, तिखट, तुरट, उग्र अशा ज्या चवींना आपण गुण म्हणतो, त्या बहुतेक वेळा कुणाला तरी हाकलण्यासाठी तयार केलेल्या असतात. ब्रूस एम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये एक हिशेब मांडला होता. अमेरिकी माणसाच्या पोटात जाणाऱ्या कीटकनाशकांपैकी वजनाने ९९.९९ टक्के कीटकनाशकं वनस्पतींनी स्वतःच बनवलेली असतात, असा तो हिशेब. ‘नैसर्गिक’ हा शब्द बाटलीवर दिसला की मला हा आकडा आठवतो. उजेडात हिरवा पडलेला बटाटासुद्धा नैसर्गिकच असतो; त्यातलं सोलॅनिन हे विषही.

मग ही अस्त्रं आपल्याला उपकारक कशी ठरतात? याचं सगळ्यात सुंदर उत्तर मला ब्रोकोलीत सापडलं. (ब्रोकोली चवीला सुंदर आहे असं माझं म्हणणं नाही.)

कोबी, मोहरी, मुळा, ब्रोकोली हे एकच कूळ. त्यांच्यातही लसणासारखीच दोन कप्प्यांची व्यवस्था असते. एकीकडे ग्लुकोसिनोलेट, दुसरीकडे मायरोसिनेज हे विकर. चावलं की दोन्ही एकत्र येतात आणि मोहरीचा नाकात जाणारा झणका तयार होतो. ब्रोकोलीत यातून जे निपजतं त्याचं नाव सल्फोराफेन. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पॉल टॅलले यांच्या गटाने १९९२ मध्ये ते ब्रोकोलीतून वेगळं केलं. पाच वर्षांनी त्याच गटाने दाखवलं, की तीन दिवसांच्या कोवळ्या मोडांत त्याचं मूळ द्रव्य वाढलेल्या गड्ड्यापेक्षा १० ते १०० पट असतं. बाळ-रोप सगळ्यात असहाय असतं, म्हणून त्याच्याजवळ सगळ्यात जास्त दारूगोळा.

हे सल्फोराफेन पेशीत शिरतं तेव्हा पेशी त्याला मित्र समजत नाही. तिला ते एक सौम्य विष वाटतं. पेशीत एनआरएफ-टू नावाचं एक प्रथिन असतं. एरवी दुसरं एक प्रथिन त्याला धरून ठेवतं आणि त्याची विल्हेवाट लावत राहतं. सल्फोराफेन त्या पहारेकऱ्याला जाऊन चिकटतं, पकड सुटते, एनआरएफ-टू पेशीच्या केंद्रकात जातं आणि विषांची वासलात लावणाऱ्या विकरांची अख्खी फौज कामाला लागते. सल्फोराफेन स्वतः काही तासांत शरीराबाहेर पडतं. जागी झालेली फौज दिवस-दोन दिवस टिकते. म्हणजे फायदा करून देणारं द्रव्य ब्रोकोलीचं, पण फायदा आपल्या शरीराचा स्वतःचा. ब्रोकोली फक्त धक्का मारून उठवते.

टॅलले यांच्या गटाने पुढे, २००७ मध्ये, ब्रोकोलीच्या मोडांचा अर्क माणसांच्या त्वचेवर लावून पाहिला. सहा जण होते. अतिनील किरणांनी येणारी लाली सरासरी ३७.७ टक्क्यांनी कमी झाली, पण कुणात ८ टक्के तर कुणात ७८. एवढीशी चाचणी, एवढी तफावत. तरी मला ती आवडते, कारण अर्क त्वचेच्या पेशींवर धक्क्याचं काम करतो, वरून छत्री धरत नाही. सनस्क्रीनपेक्षा ही तऱ्हाच वेगळी.

आणि एक उपयोगाची गोष्ट. ब्रोकोली फार शिजवली की मायरोसिनेज मरतं. पण मोहरीच्या दाण्यातलं तेच विकर बरंच चिवट असतं. शिजवलेल्या २०० ग्रॅम ब्रोकोलीवर ग्रॅमभर मोहरीची पूड भुरभुरली, तर शरीराला मिळणारं सल्फोराफेन चौपटीहून जास्त झालं, असं २०१८ च्या एका मानवी अभ्यासात दिसलं. एका रोपाची सुरी दुसऱ्या रोपाच्या हातात!

आता त्या शब्दाकडे यावंच लागेल, ज्याच्याशिवाय क्रीमची बाटली, ज्यूसचा खोका आणि गोळ्यांची डबी विकलीच जात नाही. अँटिऑक्सिडंट.

कल्पना साधी आणि मोहक होती. डेनम हार्मन यांनी १९५६ मध्ये मांडलं, की म्हातारपण म्हणजे मुक्त मूलकांनी, म्हणजे फ्री रॅडिकल्स या दिसेल त्याच्याशी झोंबणाऱ्या अस्थिर रेणूंनी, पेशींची केलेली हळूहळू नासधूस. फळाभाज्यांत त्यांना निष्प्रभ करणारी द्रव्यं असतात. तेव्हा ती द्रव्यं काढा, गोळीत भरा, गिळा. गाजरातलं बीटा-कॅरोटीन त्यात आघाडीवर होतं. रक्तात ज्यांच्या बीटा-कॅरोटीन जास्त त्यांना कर्करोग कमी, असं एकामागून एक निरीक्षणांत दिसत होतं. रिचर्ड पेटो, रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये रीतसर प्रश्न विचारला, की हे द्रव्य खरोखर कर्करोग कमी करू शकेल का? प्रश्न विचारून ते थांबले नाहीत, चाचण्या करून पाहाव्यात असंही त्यांनी सुचवलं. विज्ञानाची शिस्त म्हणतात ती ही.

फिनलंडमध्ये २९,१३३ पुरुष धूम्रपान करणाऱ्यांना घेऊन चाचणी झाली. रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, पाच ते आठ वर्षं. निकाल १९९४ मध्ये आला. गोळी घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त होता. कमी नाही, जास्त. अनेकांना वाटलं, योगायोग असेल. अमेरिकेत तेव्हा दुसरी चाचणी चालू होती. तीत धूम्रपान करणारे, सोडलेले आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामातले असे १८,३१४ जण होते आणि त्यांना बीटा-कॅरोटीनबरोबर अ जीवनसत्त्वही दिलं जात होतं. ती जानेवारी १९९६ मध्ये ठरल्या वेळेच्या २१ महिने आधी थांबवावी लागली. तिथे वाढ २८ टक्के होती.

या दोन चाचण्या मी जेव्हा जेव्हा वाचते तेव्हा अस्वस्थ होते. त्या हजारो माणसांनी चांगल्या हेतूने, चांगल्या माणसांच्या सांगण्यावरून एक पिवळी निरुपद्रवी गोळी घेतली होती. गाजरातलीच वस्तू. पण गाजरात बीटा-कॅरोटीन एकटं नसतं, त्याच्या सोबत इतर डझनावारी रंगद्रव्यं, तंतू, पाणी, कडवट काहीबाही असतं. शिवाय गाजर खाणारा माणूस त्या वेळी दुसरं काहीतरी खात नसतो. निरीक्षणांत जो फायदा दिसत होता तो या सगळ्या गोतावळ्याचा असावा. आणि धुराने आधीच पोळलेल्या फुप्फुसात, ऑक्सिजनच्या त्या गर्दीत, एकाच द्रव्याचा मोठा साठा वेगळंच वागतो. मुक्त मूलकांचंही तसंच. शरीर ती पेशींना निरोप धाडायला वापरतं, जंतू मारायला वापरतं. सरसकट सगळी पुसून टाकणं हे मुळात शहाणपणाचं नसावं.

तरी आकड्यांचा मोह सुटत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने कधीकाळी खाद्यपदार्थांची अँटिऑक्सिडंट क्षमता मोजून एक मोठी यादी लावली होती. कुठलं फळ परीक्षानळीत किती मूलकं पुसतं, त्याचे आकडे. ती २०१२ मध्ये त्यांनी स्वतःच काढून घेतली, कारण नळीतल्या आकड्याचा माणसाच्या आरोग्याशी संबंध दाखवता येत नव्हता आणि विक्रेते मात्र तो आकडा वेष्टनावर ठळक छापत होते. यादी गेली, वेष्टनं राहिली.

क जीवनसत्त्वाची गोष्ट जरा आनंदाची आहे. अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी या हंगेरियन शास्त्रज्ञाला प्राण्यांच्या अधिवृक्क ग्रंथीत एक साखरेसारखं द्रव्य सापडलं. काय आहे ते कळेना, म्हणून त्याने नाव सुचवलं ‘इग्नोज’, म्हणजे ठाऊक नसलेली साखर. संपादकांनी ते नाकारल्यावर त्याने ‘गॉडनोज’ सुचवलं, देव जाणे या अर्थी. तेही नाकारलं गेलं. द्रव्य हवं तेवढं मिळत नव्हतं. पुढे सेगेद शहरात एका संध्याकाळी बायकोने ताटात ताजी लाल पाप्रिका मिरची वाढली. ती खायची इच्छा नव्हती म्हणून आपण ती उचलून प्रयोगशाळेत नेली, असं तो स्वतः सांगत असे. तिच्यात ते द्रव्य भरभरून निघालं. १९३७ चं नोबेल त्याला मिळालं.

सौंदर्याच्या जगात क जीवनसत्त्वाला एवढा मान का, तर कोलॅजेनमुळे. त्वचेला ताठपणा देणाऱ्या या प्रथिनाचे तीन धागे एकमेकांत वळले जातात, आणि ती वळण घट्ट बसण्यासाठी त्यांतल्या काही अमिनो आम्लांवर एक छोटासा बदल व्हावा लागतो. तो बदल करणाऱ्या विकराला क जीवनसत्त्व लागतं. ते नसेल तर धागे सैल राहतात. खलाशांना होणाऱ्या स्कर्व्ही या आजारात हिरड्यांतून रक्त येई आणि वर्षानुवर्षांपूर्वी भरलेल्या जखमा पुन्हा उघडत. हे वाचून अंगावर काटा येतो, कारण त्याचा अर्थ असा, की भरलेली जखम कायमची भरलेली नसते. शरीर तिला सतत विणत राहतं. जेम्स लिंडने १७४७ मध्ये १२ आजारी खलाशांवर सहा वेगवेगळे उपाय करून पाहिले आणि संत्री-लिंबू मिळालेले दोघं चटकन सावरले. बहुतेक प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच बनवतात. आपल्या पूर्वजांनी ते जनुक कधीच गमावलं, म्हणून आपण फळांचे मिंधे.

पण पोटातून घेण्याला मर्यादा आहे. दिवसाला काही शे मिलिग्रॅमच्या पुढे आतडं हात आखडतं घेतं आणि वरचं लघवीवाटे जातं. त्वचेवर थेट लावायचं तर द्रावण बऱ्यापैकी आम्ल हवं, सामू (पीएच) साडेतीनच्या खाली, नाहीतर ते त्वचेत शिरत नाही. आणि हवा-उजेड लागला की ते पिवळं, मग तपकिरी होऊन निकामी होतं. चांगल्या सिरममध्ये त्याचं प्रमाण १० ते २० टक्के असतं. आता लिंबू बघा. १०० ग्रॅम लिंबाच्या रसात क जीवनसत्त्व जेमतेम ५० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०५ टक्के. सामू दोनच्या आसपास, त्यामुळे चुरचुर मात्र पुरेपूर. चेहऱ्यावर लिंबू चोळण्याचा सल्ला देणाऱ्यांना मला हा हिशेब दाखवावासा वाटतो.

आणि हिशेब एवढ्यावर संपत नाही. लिंबूवर्गीय फळांच्या सालीत आणि रसात फ्युरानोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागलं, तर त्यांना अतिनील किरणांचं बळ मिळतं आणि ती पेशींतल्या डीएनएला चिकटतात. एक-दोन दिवसांनी भाजल्यासारखे फोड, आणि नंतर महिनोन्‌महिने टिकणारे काळपट डाग. ज्याने डाग घालवायचे त्यानेच डाग. गंमत म्हणजे हेच गुणधर्म वैद्यकाने वापरून घेतले. सोरायसिस या त्वचारोगावर सोरालेन हे त्यांतलंच एक द्रव्य देऊन मोजून-मापून अतिनील प्रकाश देण्याची पद्धत १९७४ पासून रूढ झाली. द्रव्य तेच. फरक मात्रेचा, वेळेचा आणि शेजारी डॉक्टर असण्याचा.

टोमॅटोकडे वळते, कारण त्याने कच्च्याचा अभिमान बाळगणाऱ्यांची चांगली जिरवली आहे. त्याचं लाल रंगद्रव्य म्हणजे लायकोपिन. कच्च्या टोमॅटोत ते पेशींच्या भिंतीआड अडकलेलं असतं, आणि त्याच्या सरळ, ताठ रेणूचे स्फटिक होतात, त्यामुळे ते आतड्यातून पटकन पार होत नाही. शिजवलं की भिंती मोडतात, रेणू जागोजागी वाकतो, आणि सोबत थोडं तेल असेल तर ते त्यात विरघळून शरीरात जातं. क जीवनसत्त्व मात्र शिजवताना घटतं. एक द्यावं, एक घ्यावं. जर्मनीतल्या संशोधकांनी २००१ मध्ये काही जणांना दहा आठवडे रोज ४० ग्रॅम टोमॅटो पेस्ट १० ग्रॅम ऑलिव्ह तेलाबरोबर दिली. अखेरीस अतिनील किरणांनी येणारी त्यांची लाली फक्त तेल घेणाऱ्यांपेक्षा ४० टक्के कमी होती. चार आठवड्यांनी पाहिलं तेव्हा काहीच फरक नव्हता. त्वचेपर्यंत पोचायला एवढा वेळ लागतो, आणि ‘सात दिवसांत उजळ’ असं म्हणणाऱ्यांना तो परवडत नाही.

माझं सगळ्यात लाडकं उदाहरण मात्र बीटचं. बीटमध्ये भरपूर नायट्रेट असतं. नायट्रेटचं आपल्या शरीराला थेट काही करता येत नाही. ते पोटातून रक्तात जातं, रक्तातून लाळग्रंथी ते उचलतात आणि पुन्हा तोंडात सोडतात. तिथे जिभेच्या मागच्या भागावर राहणारे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात. ते आपण लाळेबरोबर गिळतो, आणि मग त्यातून नायट्रिक ऑक्साइड बनतं, जे रक्तवाहिन्यांना सैल सोडतं. (या वायूच्या कामाचा शोध लावणाऱ्या तिघांना १९९८ मध्ये नोबेल मिळालं.) लंडनमध्ये २००८ साली निरोगी माणसांना अर्धा लिटर बीटचा रस पाजला, तर तीनेक तासांत त्यांचा वरचा रक्तदाब सुमारे १० अंकांनी उतरला. मग त्यांना लाळ गिळू न देता थुंकायला लावलं. परिणाम नाहीसा! जंतुनाशक माउथवॉशनेही ही साखळी तुटते, असं इतर अभ्यासांत दिसलं आहे. तेव्हा रक्तदाबासाठी बीटचा रस पिणारा आणि वर तोंड कडक औषधी पाण्याने खळखळून धुणारा माणूस एका हाताने लावतो आणि दुसऱ्याने उपटतो.

डाळिंब आणि अक्रोड यांची तऱ्हा याहून पुढची. त्यांच्यातली तुरट द्रव्यं जशीच्या तशी फारशी शोषली जात नाहीत. आतड्यातले विशिष्ट जीवाणू त्यांचं युरोलिथिन करतात आणि मग ते रक्तात जातं. पण ते जीवाणू सगळ्यांच्या आतड्यात नसतात. सोयाबीनमधल्या एका द्रव्यापासून इक्वॉल बनवणारे जीवाणूही तसेच, काही जणांत आहेत, बाकीच्यांत नाहीत. दोन माणसं एकाच डाळिंबाचे दाणे वाटून खातात आणि दोघांच्या रक्तात दोन वेगळी डाळिंबं पोचतात. कुणाला एखाद्या गोष्टीचा गुण आला आणि कुणाला आला नाही, तर दुसरा खोटारडा किंवा आळशी असतोच असं नाही.

हळदीबद्दल काही न लिहिता सुटका नाही, पण थोडक्यात लिहिते, कारण तिच्याबद्दल गरजेपेक्षा जास्त लिहून झालंय. हळदीच्या पुडीत कुरकुमिन साधारण तीन टक्के. ते पोटातून जवळजवळ शोषलंच जात नाही, आणि जे शोषलं जातं ते यकृत लगेच निकालात काढतं. १९९८ मध्ये दोन ग्रॅम कुरकुमिनबरोबर मिरीतलं २० मिलिग्रॅम पिपेरिन दिलं तर रक्तातलं प्रमाण २००० टक्क्यांनी वाढलं, हा आकडा सगळीकडे फिरतो. तो खरा आहे. फक्त जवळजवळ शून्याचे २००० टक्के किती, हे कुणी विचारत नाही. शिवाय पिपेरिन हे काम यकृताचे हात बांधून करतं, आणि बांधलेले हात इतर औषधांच्याही कामाचे राहत नाहीत. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्रज्ञांच्या एका गटाने कुरकुमिनच्या १२० हून अधिक मानवी चाचण्या धुंडाळल्या. काटेकोर रचनेची आणि यशस्वी अशी एकही त्यांना सापडली नाही. इटलीत २०१९ मध्ये हळदीच्या पूरक गोळ्या घेणाऱ्यांत यकृतदाहाचे रुग्ण आढळले आणि सरकारला वेष्टनावर इशारा छापायला लावावा लागला. स्वयंपाकातल्या चिमटीवर यातलं काहीच लागू होत नाही. हिरव्या चहाचंही असंच. कपातून पिणारा निर्धास्त असावा. त्याच्या अर्काच्या गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी (हिरव्या चहातलं एक तुरट द्रव्य) घेणाऱ्याच्या यकृताला त्रास होऊ शकतो, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं.

ग्रेपफ्रूटची कहाणी तर निव्वळ अपघाताची. डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी रक्तदाबाच्या एका गोळीवर मद्याचा काय परिणाम होतो हे तपासत होते. मद्याची चव कळू नये म्हणून त्यांनी ते ग्रेपफ्रूटच्या रसात मिसळलं. औषधाची रक्तातली पातळी अपेक्षेच्या कितीतरी वर गेली, आणि दोष मद्याचा नाही, रसाचा निघाला. लिंबाच्या गोष्टीत भेटलेली तीच फ्युरानोकुमारिनं आतड्यातलं औषधं मोडणारं विकर कायमचं बाद करतात. शरीराला ते नव्याने बनवावं लागतं, त्यात दिवसभर तरी जातो. एक पेला रस पुरतो. नैसर्गिक द्रव्यांना काही ‘साइड इफेक्ट’ नसतात, असं जेव्हा कुणी म्हणतं तेव्हा मला वाटतं, म्हणजे यांच्या मते त्यांना काही ‘इफेक्ट’च नसतात.

चेहऱ्याला लावायच्या तेलांबद्दल थोडं. जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने १९२९ मध्ये उंदरांना स्निग्धांश अजिबात नसलेलं अन्न दिलं. उंदरांची कातडी खवल्यांची झाली, शेपट्या सुकून सोलवटल्या. थोडं लिनोलेइक आम्ल दिलं की सुधारणा. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात पेशींमधल्या फटी बुजवणारा जो मेदयुक्त लेप असतो, त्याच्या एका महत्त्वाच्या घटकात हे आम्ल गुंफलेलं असतं, आणि शरीराला ते स्वतः बनवता येत नाही. मुख्यतः बियांच्या तेलांतून ते येतं. सूर्यफुलाच्या नेहमीच्या तेलात ते भरपूर, ऑलिव्ह तेलात कमी; ऑलिव्हमध्ये ओलेइक आम्लाचं राज्य. २०१३ च्या एका प्रयोगात चार आठवडे हातावर ऑलिव्ह तेल लावलं तर त्वचेची तटबंदी विस्कळीत झाली, सूर्यफुलाने तसं झालं नाही. खाण्यात ज्याची आरती ओवाळली जाते ते तेल अंगाला लावायलाही श्रेष्ठ असेल असं आपण गृहीत धरतो. त्वचा पोटाचं ऐकत नाही.

रंगद्रव्यांचं एक देणं मात्र मला खरोखर विलक्षण वाटतं. पानात कॅरोटिनॉइड्स असतात ती जास्तीच्या उजेडापासून पानाला वाचवण्यासाठी. हरितद्रव्याला झेपेल त्यापेक्षा अधिक ऊर्जा आली की ती शोषून उष्णतेच्या रूपात सोडून देतात. हिरव्या पालेभाज्यांतली ल्युटीन आणि झियाझँथिन ही त्यांतली दोन. आपण ती खातो आणि आपलं शरीर ती कुठे साठवतं, तर डोळ्याच्या पडद्याच्या बरोबर मध्यावर, जिथे दृष्टी सर्वांत तीक्ष्ण असते. तिथेही ती तेच करतात. निळा प्रकाश अडवतात. उतारवयात पडद्याच्या मध्याची झीज झालेल्यांसाठी अमेरिकेत जी मोठी चाचणी झाली, तिचा निकाल २०१३ मध्ये आला आणि त्यांना दिल्या जाणाऱ्या गोळीतलं बीटा-कॅरोटीन काढून त्याजागी १० मिलिग्रॅम ल्युटीन आणि दोन मिलिग्रॅम झियाझँथिन आलं. इथेही बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत, विशेषतः पूर्वी धूम्रपान केलेल्यांत, फुप्फुसाचे कर्करोग जास्त दिसले होते. तेव्हा गोळ्या सरसकट वाईट असं मी म्हणत नाही. कुणाला, कशासाठी, किती, हे कुणीतरी मोजलेलं असावं, एवढंच.

ही द्रव्यं त्वचेतही साठतात आणि तिला एक सौम्य सोनेरी छटा देतात. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात लोकांना चेहऱ्यांची छायाचित्रं देऊन, जास्तीत जास्त निरोगी दिसेल असा रंग करा, असं सांगितलं. उन्हाने रापलेल्या रंगापेक्षा लोकांनी कॅरोटिनॉइडची छटा अधिक पसंत केली. खाण्यात भाज्या-फळं वाढवल्यावर सहा आठवड्यांत त्वचेच्या रंगात मोजता येईल इतका फरक पडतो, हेही तिथेच दिसलं. अति झालं तर तळहात-तळपाय पिवळे होतात. कावीळ झाली की काय म्हणून माणूस धावत जातो आणि डॉक्टर डोळ्याचा पांढरा भाग पाहून त्याला घरी पाठवतात, कारण काविळीत तो पिवळा होतो, गाजरांनी होत नाही.

या छटेचीही गोळी निघाली होती, नाही कशी निघणार? कॅन्थाझँथिन हे कॅरोटिनॉइड कुळातलंच नारिंगी द्रव्य, मूळ एका खाद्य अळिंबीत सापडलेलं. उन्हात न जाता रापलेला वर्ण मिळेल असं सांगून १९८० च्या दशकात त्याच्या गोळ्या विकल्या गेल्या. घेणाऱ्यांची त्वचा खरंच सोनेरी-नारिंगी झाली. मग नेत्रतज्ज्ञांना त्यांच्या डोळ्यांच्या पडद्यावर, त्या मध्यबिंदूभोवती, चमकणारे सोनेरी स्फटिक दिसू लागले. गोळ्या बंद केल्यावरही ते विरायला कित्येक वर्षं लागली.